अंगठ्यावरचा ठिपका

दुकानात रंग जुळवावा तर ताईनंच. पडद्याचा तुकडा आणा, फुटकी बशी आणा, ती बघणार, ‘हं’ म्हणणार आणि चार डब्यांतून तोच रंग काढून देणार. परीक्षा एकच. नमुन्यावर ठिपका द्यायचा, वाळल्यावर तो सापडला नाही की रंग जुळला.

आता धाकट्या भावानं रंग ओळखणारं यंत्र आणलं होतं. ते सरस ठरलं तर बाकावर यंत्र बसणार आणि ताई घरी, हे त्यानं चहा पिता पिता सांगून टाकलं होतं. ताईला राग आला होता, भीती मुळीच नव्हती.

त्या सकाळी एक गृहस्थ भिंतीचा पोपडा घेऊन आले. बायकोच्या खोलीतला एक कोपराच तेवढा त्या रंगाचा उरलाय, म्हणाले, बाकीच्या भिंतीही तशाच हव्यात. भावानं पोपडा यंत्राखाली धरला. यंत्रानं सांगितलं, पांढरा. त्यालाही पांढराच दिसत होता.

ताईनं पोपडा हातात घेऊन पाहिला. पांढरा कसला! हिरवा नव्हे, जांभळा नव्हे, कुठल्याच नावात बसेना. तरी गर्दीत आपलं माणूस ओळखावं तसा तिनं तो ओळखला. कुठे पाहिला होता, ते मात्र काही केल्या आठवेना.

तिनं बेधडक डबे उघडले. पांढऱ्यात पांढरं कालवतेयस, भाऊ हसला. तिनं लक्ष दिलं नाही. पोपड्यावर ठिपका दिला, जरासा रंग अंगठ्याला लागला तो तसाच राहू दिला, आणि थांबली.

ठिपका वाळला. सापडेना.

गृहस्थांनी पोपडा उजेडात धरला. त्यांचे डोळे भरून आले.

“हाच,” ते म्हणाले. “जाऊन वर्ष झालं तिला, तरी बिचारी त्या कोपऱ्यातच बसून असते. आता खोलीभर फिरेल.”

भाऊ त्यांचा डबा उचलून दारापर्यंत गेला. ताईनं अंगठा पुसायला फडकं घेतलं. अंगठ्यावरचा रंगही वाळला होता.

तोही सापडेना.

तिनं हात उलटा केला, सुलटा केला. मग आठवलं. हा रंग तर रोज डोळ्यांसमोर होता, तिच्याच हातांवर.

भाऊ परत आला. “मानलं तुला, ताई. बाक तुझाच.” मग त्यानं इकडेतिकडे पाहिलं. “ताई? गेली वाटतं.”

“अरे, इथेच आहे,” ती म्हणाली.

काउंटर पुसायचा म्हणून त्यानं यंत्र उचललं आणि बाकावर ठेवलं, तिच्या टेकलेल्या पंज्यावरच. यंत्र जराही कललं नाही.