थोरलं की धाकटं?

तिने बाहेरून ट्रॅव्हल ऑफिसचं दार ढकललं आणि नेमकं त्याच क्षणी त्याने आतून ओढलं. झालं! ती भेलकांडत थेट आत... आणि हातातली ओली छत्री त्याच्या पोटात.

"अहो, बर्फावर घसरायला अजून दोन आठवडे आहेत," तो पोट चोळत म्हणाला. "आत्तापासूनच सराव?"

तिला रागवायचं होतं. खरंच! पण तेवढ्यात तो हसला. ती दातांच्या दवाखान्यातल्या लॅबमध्ये कामाला. दिवसभर लोकांच्या दातांचे साचे ओतायचे, कॅप घासायच्या, रंग जुळवायचे. त्यामुळे कुणीही हसलं की तिची नजर आधी दातांवर जायची. ह्याच्या पुढच्या दाताचा एक कोपरा उडाला होता. एवढुस्सा, तांदळाच्या कणीएवढा. पाच मिनिटांत भरून निघेल, तिच्या मनात आलं. आणि लगेच, का कोण जाणे, असंही आलं की... नको, राहू दे तसाच.

"दोघंही एकदमच सापडलात ते बरं झालं!" काउंटरमागच्या ट्रॅव्हलवाल्या बाई म्हणाल्या. "बसा. तुमचं भांडण लावून देते."

भांडण असं होतं. डोंगर एकच. त्याच्या एका अंगाला मोठं स्की रिसॉर्ट, लांबच लांब उतार, आभाळात जाणाऱ्या लिफ्ट. दुसऱ्या अंगाला छोटं. तिथे बुटके उतार, झाडीत लाकडी खोल्या. सगळे त्यांना थोरलं आणि धाकटं म्हणायचे. शेजारी खरे, पण मधे डोंगर, त्यामुळे एकाकडून दुसरीकडे जायला दोन तासांचा वळसा. दोन आठवड्यांनंतरच्या तीन दिवसांच्या सुट्टीसाठी बाईंकडे एकच गाडी उरली होती. बारा सीटची. भरली तरच निघणार आणि कुठल्यातरी एकाच ठिकाणी जाणार. तिच्या दवाखान्याचे सात जण. त्यांना थोरलं हवं होतं. त्याच्या घरचे पाच, म्हणजे तो, ताई, भावोजी आणि भावोजींच्या दोन बहिणी. त्यांना धाकटं.

"गुरुवारी दुपारी बारापर्यंत गाडी धरून ठेवते," बाई म्हणाल्या. "तोवर आपसात ठरवा. मला मधे घेऊ नका."

मग काय! रोज जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या कॉफीच्या दुकानात वाटाघाटी सुरू. कोपऱ्यातलं टेबल, वाफेने धुरकटलेली काच, बाहेर पाऊस की बर्फ ते नक्की न ठरलेलं काहीतरी भुरभुरतंय... आणि मधे डोंगराचा नकाशा, दोन कपांखाली दाबलेला.

"केसांत बर्फ पडलाय तुमच्या," पहिल्याच दिवशी तो म्हणाला.

"प्लास्टर आहे ते. दातांचं."

"अरे देवा. म्हणजे मी एवढा वेळ प्लास्टरकडे बघत होतो?"

तिने घाईघाईने नकाशात डोकं घातलं. कान मात्र गरम झाले होते.

"तुम्हाला धाकटंच का पण?" तिने विचारलं.

"सांगू? हसायचं नाही. मी लिफ्टचा मेकॅनिक. अठ्ठावीस मजली शाफ्टमध्ये बिनधास्त उतरतो. पण उघड्यावर, एका दोरीला लटकलेल्या खुर्चीवर, पाय लोंबकळत... नाही बाबा!"

ती हसली. चांगली खळखळून हसली. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने वळून पाहिलं, इतकी.

"आणि तुम्हाला थोरलंच का?"

"आमच्या डॉक्टर मॅडमना—"

"मॅडमना नाही. तुम्हाला."

तिने नकाशाची घडी बोटाने सरळ केली. खरं सांगायचं तर तिला हे कधी कुणी विचारलंच नव्हतं. दवाखान्यात तिचं ठरलेलं असायचं. सगळ्यांचं झालं की उरेल ती खुर्ची, उरेल ती सुट्टी. "मला काय, काहीही चालेल," हे वाक्य तर तिच्या तोंडी इतकं बसलं होतं की झोपेतही म्हणाली असती.

"मला काय..." ती बोलायला गेली आणि थांबली. त्याने कॉफीचा कप तिच्याकडे सरकवला. बोटं लागली. लागली म्हणजे... लागलीच.

सोमवारी तो सहज "तू" म्हणून गेला आणि जीभ चावली. मंगळवारी तीही म्हणाली. तिने जीभबीभ काही चावली नाही!

पण मंगळवारीच दवाखान्यात काय झालं होतं माहितीये? डॉक्टर मॅडम हातमोजे काढत म्हणाल्या, "अगं, धाकटं तर धाकटं, ठरवून टाक एकदाचं. मला फक्त बर्फात पडायचंय." रिसेप्शनवरच्या मावशी म्हणाल्या, "माझ्या गुडघ्याला तर धाकटंच बरं, बाई." सगळे तयार! तिने मान डोलावली, "हो, कळवते," म्हणाली, कोट चढवला, कॉफीच्या दुकानात जाऊन बसली आणि चेहरा पाडून म्हणाली, "आमचे लोक काही ऐकतच नाहीत रे."

"आमचेही," त्याने सुस्कारा टाकला. "फारच हट्टी."

आणि दोघं पुन्हा नकाशावर वाकले. इकडच्या खिडकीतून सूर्य दिसेल का, तिकडे पाणी जास्त गरम असेल का, कुठला बर्फ जास्त मऊ... बर्फाच्या मऊपणावर बुधवारचा अख्खा तास गेला!

गुरुवारी मुद्दाम लवकर येऊनही ते घड्याळाकडे बघायचंच विसरले. उठले तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं. धावत पळत ट्रॅव्हलच्या ऑफिसात.

"गेली गाडी," बाई शांतपणे म्हणाल्या. "कितीदा फोन केला मी. दोघांचेही बंद."

"मी... बंद ठेवला होता," ती म्हणाली.

"मीपण," तो म्हणाला.

बाईंनी चष्म्यावरून दोघांना आळीपाळीने पाहिलं. "आता दोन छोट्या गाड्या आहेत. सहा-सहा जणांच्या. एक थोरल्याला, एक धाकट्याला. खोल्याही तेवढ्याच जणांपुरत्या. संध्याकाळपर्यंत सांगा."

बाहेर पायरीवर दोघं उभे राहिले. भुरभुर आता नक्की बर्फाचीच होती.

"मंगळवारीच तयार झाले होते आमचे सगळे," ती एकदम बोलून गेली. "धाकट्याला. मी खोटं बोलले."

त्याने कान खाजवला. "आमचे शनिवारी. थोरल्याला."

"शनिवारी? आणि तू पाच दिवस..."

"ठरलं असतं तर तू सोमवारी कशाला आली असतीस?"

तिला हसू आलं, आणि मग तिने बोटांवर हिशेब केला. तिचे सात थोरल्याला, त्याचे पाच धाकट्याला, पण एका गाडीत जागा सहाच. म्हणजे तिच्याकडचं कुणीतरी एक ह्यांच्या गाडीत.

"मला 'ये' म्हण ना," ती म्हणाली. अगदी हळू.

त्याने मान हलवली. "खूप म्हणावंसं वाटतंय. पण मी म्हटलं तर तू माझ्यासाठी येशील. परवा मॅडमसाठी, आज माझ्यासाठी... तुला कुठे जायचंय, ते तू सांग. आलीस तर भावोजींच्या बहिणींच्या खोलीत जागा आहे. नाही आलीस तर... परत आल्यावर भेटू. तेव्हाही मला तू आवडतच असशील."

असं म्हणून तो कामावर निघूनही गेला! ती तिथेच, पापण्यांवर बर्फ घेऊन.

दवाखान्यात तिने सगळं सांगितलं. एकही शब्द न लपवता.

"म्हणजे आमची गाडी कॉफीत बुडवलीस तू!" एक्स-रे काढणारी मैत्रीण ओरडली. "आणि रोज येऊन 'त्यांचं अजून ठरत नाहीये' म्हणत काय लांब चेहरा करत होतीस गं! नाटकी!"

"मुलगा काय करतो?" मावशींनी विचारलं.

"लिफ्ट दुरुस्त करतो."

"मग वर-खाली सांभाळून घेईल," मॅडम म्हणाल्या आणि सगळ्या खिदळल्या.

"पण... एकाला धाकट्याला जावं लागेल," ती म्हणाली.

"मी जाते की!" मावशी चटकन बोलल्या. "माझा गुडघा, बाई. तिकडचे उतार सोपे."

तिच्या घशापर्यंत ते जुनं वाक्य आलं. मला काय, काहीही चालेल. मावशींचा गुडघा खरंच दुखायचा, आणि तिचं स्वतःचं काय दुखत होतं ते कुठल्या एक्स-रेत दिसणार होतं?

"नाही मावशी," ती म्हणाली. "मला जायचंय. मला... मनापासून जायचंय."

मावशींनी तिच्याकडे बघितलं. मग उठून तिच्या केसांतलं प्लास्टर झटकलं. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मागितलंस गं. आणि मागितलंस तेही माझ्याच वाटणीचं!"

"थोरल्यातही सोपे उतार असतात, मावशी," मॅडम म्हणाल्या. "मी धरीन तुमचा हात. पडलो तर दोघी पडू."

तिने लॅबमध्ये जाऊन दार लावलं आणि त्याला फोन लावला. पलीकडे वारा, लोखंडाची खणखण.

"थांब थांब," तो म्हणाला, "अकराव्या मजल्यावर शाफ्टमध्ये आहे. कशाला तरी धरू दे आधी... हं. आता सांग."

"मी येतेय. धाकट्याला. तू म्हणालास म्हणून नाही, आणि कुणी उरलं नाही म्हणूनही नाही. मला तुझ्याबरोबर यायचंय, म्हणून."

पलीकडे खणकन पाना खाली ठेवल्याचा आवाज आला.

आणि मग त्याचं हसू फुटलं. त्या पोकळ शाफ्टमधून घुमत, आदळत, मजल्यामागून मजला उतरत खाली खाली गेलं, आणि ती कानाला फोन लावून, डोळे मिटून, ते शेवटच्या मजल्यापर्यंत ऐकत राहिली.