डावीकडचं बूच

लिलाव सुरू व्हायला दहा मिनिटं होती, आणि हेल्कानं ती डोण मनातल्या मनात घरी नेलीसुद्धा होती.

१७ मे १९६९, शनिवार. फिनलंडमधल्या सिस्मा गावाबाहेर एका रिकाम्या झालेल्या शेतघराच्या अंगणात सामान मांडलं होतं. बारीक, थंड पाऊस पडत होता. हेल्का ओंडका कोरून केलेल्या त्या लांबट डोणीवर वाकली होती. इम्पी आत्याची साठ वर्षांची डोण त्या हिवाळ्यात तळातून कुजली होती. "माझी पाठ गेली. आता साहती तू काढायची," असं सांगून आत्यानं घरच्या बिअरचं काम भाचीवर सोपवलं होतं. आणि डोणीशिवाय साहती कसली? तळाला राय या धान्याचं काड आणि जुनिपरच्या डहाळ्या अंथरायच्या, वर माल्टची गरम लापशी ओतायची, मग टोकाचं बूच सैल करायचं. गोड, तपकिरी रस गाळून खाली येतो. त्याचीच पुढे साहती होते.

"ही घेऊ नका."

मागे एक उंच तरुण उभा होता. टोपीवरून पाणी गळत होतं.

"का? तुम्हाला हवीये म्हणून?"

"नाही. गाईंना हवी होती म्हणून." त्यानं डोणीच्या काठावरून अंगठा फिरवला. "इथे हात लावून बघा. किती गुळगुळीत... हे रंध्याचं काम नाही. जिभेचं आहे."

हेल्कानं हात लावला. मग झटकन काढून घेतला.

"गुरांची डोण?"

"तीस वर्षं तरी. आणि बूच कुठाय? साहती काय काठावरून चाटणार होतात?"

ती इतकी मोठ्यानं हसली, की लिलाववाल्यानं वळून पाहिलं. त्या तरुणाचं नाव ताउनो. तळ्यापलीकडच्या वस्तीत सुतारकाम करायचा. निघताना तो दुसरीकडेच बघत म्हणाला, "अ‍ॅस्पेनचं एक झाड माझ्या नजरेत आहे. सरळ आहे, गाठी कमी... म्हणजे, तुम्हाला हवी असेल तर."

"साहतीची ना? गाईंची नाही?"

"ते तुम्ही कोणाला पाजणार त्यावर आहे."

पुढच्या शनिवारी ओंडका आत्याच्या अंगणात येऊन पडला, आणि मग सलग सात शनिवार ताउनो तासणी घेऊन येत राहिला. ओलं अ‍ॅस्पेन कोरायला मऊ असतं. पांढऱ्या ढलप्या गवतावर पडायच्या आणि अंगणभर काकडी चिरल्यासारखा वास पसरायचा. हेल्का कॉफी आणायची. तो कप घ्यायचा तेव्हा बोटांना बोटं लागायची, आणि दोघांपैकी कोणीतरी लगेच हवामानाबद्दल बोलायचं.

तिसऱ्या शनिवारी तो म्हणाला, "जरा उभी राहा बघू इथे. पळी धर. ढवळल्यासारखं कर."

"कशाला?"

"उंची बघायचीये. तुझी पाठ आत्यासारखी व्हायला नको."

तुम्हीचं तू कधी झालं, ते दोघांनाही कळलं नव्हतं. तिनं हवेत पळी फिरवली. तो बराच वेळ बघत राहिला, आणि मग पेन्सिलीनं लाकडावर एक खूण केली.

"झालं का मोजून?" खिडकीतून आत्या ओरडली. "एवढ्या वेळात मी चर्च मोजलं असतं!"

"नीट मोजतोय, आत्या."

"ते दिसतंय मला. डोणीकडे एकदा बघतोस आणि पोरीकडे चारदा."

ताउनोचे कान लाल झाले. हेल्कानं ढलप्या गोळा करायला घेतल्या, ज्या गोळा करायची काहीही गरज नव्हती.

१२ जुलैला डोण पुरी झाली. ताउनोनं दोन्ही टोकांना डांबर फासलं आणि ती कोठारात सावलीला, ढलप्यांच्या ढिगात पुरून ठेवली.

"आता वर्षभर हिला हात लावायचा नाही. हळूहळू वाळू दे. पुढच्या जूनमध्ये, मध्य-उन्हाळ्याच्या सणाला, पहिली साहती काढ. मी येईनच प्यायला."

"वर्षभर? आणि तोवर?"

"तोवर..." त्यानं टोपी काढली, परत घातली. "मला गोथेनबर्गहून पत्र आलंय. जहाजांच्या गोदीत काम आहे. ३० ऑगस्टला निघायचंय."

स्वीडनला त्या वर्षी निम्मं गाव चाललं होतं. हेल्का म्हणाली, "चांगलंय की." आणि घरात जाऊन उभ्या उभ्या एक अख्खा पाव कापून ठेवला.

तिला बोलता येत नव्हतं. पण साहती काढता येत होती. तो जाण्यापूर्वी त्याच्याच डोणीतली पहिली साहती त्याच्या हातात द्यायची, आणि तो प्यायला की म्हणायचं... काय म्हणायचं, ते तेव्हा सुचेल. साहती तयार व्हायला आठवडा पुरे होता. डोण वाळायला मात्र वर्ष हवं होतं. आत्या बहिणीकडे गेली होती. हेल्कानं हातगाडीवरून डोण साउनात, वाफेच्या न्हाणीघरात, नेली आणि भट्टी पेटवली. मंद. फार नाही. दोन दिवस हलक्या उबेत ठेवली की झालं, असा तिचा हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बंदुकीचा बार उडावा तसा आवाज आला.

टोकापासून बुचाच्या भोकापर्यंत तडा गेला होता. करंगळी जाईल एवढा. हेल्का साउनाच्या फळीवर बसून राहिली. सात शनिवार, तिनं मोजले. मग डोण परत कोठारात नेली आणि तिच्यावर गवताच्या चार पेंढ्या टाकल्या.

२३ ऑगस्टला ताउनो निरोप घ्यायला आला. नवा शर्ट होता, गळ्याशी घट्ट. टेबलावर वेलदोड्याचा गोड पाव होता. कोणी खात नव्हतं.

"डोण कशी आहे?" त्यानं विचारलं. "एकदा बघून येऊ का? टोकं तपासतो."

तो उठूही लागला होता.

"नको," हेल्का म्हणाली. "म्हणजे... आम्ही स्टीलची टाकी घेतोय. दुग्धशाळा बंद झाली ना, त्यांची. तोटीबिटी सगळं आहे. धुवायला सोपी. लाकडाचं कोण करत बसणार आता?"

आपलाच आवाज तिला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला.

ताउनो परत बसला. कप बशीत ठेवला, कपाचा कान सरळ केला. "बरोबर आहे. स्टील टिकतं." मग थोड्या वेळानं, "म्हणजे जूनमध्ये मी... यायचं तसं काही..."

'ये' म्हणायला एक अक्षर पुरलं असतं. पण तो आला असता तर डोण बघितली असती.

"एवढ्या लांबून कशाला?" ती म्हणाली. "रजा वाया जाईल तुझी."

तो गेला. दाराशी त्यानं हात पुढे केला आणि तिनं तो हातात घेतला, दोन परक्या माणसांसारखा. पुढच्याच आठवड्यात हेल्कानं ती टाकी खरोखर विकत आणली. आपण खोटं बोललो हे कोणाला कळायला नको म्हणून.

बारा वर्षं तिनं स्टीलमध्ये साहती काढली. लोक चांगली म्हणायचे. दरम्यान सहकारी दुकानाच्या मॅनेजरशी तिचं चार वर्षं जमलं, मग नाही जमलं. आत्या गेली. टाकीची तोटी उजवीकडे होती. हेल्का डावखुरी. दर वेळी तोटी फिरवायला अंग वळवून हात आडवा न्यावा लागायचा, आणि दर वेळी ती चिडायची.

जुलै १९८१ मध्ये स्वीडिश नंबरची एक गाडी अंगणात आली. ताउनो उतरला. कानांपाशी केस पिकले होते. बायको गाडीतच बसली. तिला फिनिश येत नव्हतं आणि डासांचा कंटाळा होता.

"विकतेस ना साहती? पाटी बघितली रस्त्यावर."

हेल्कानं पेला भरून दिला. तो प्यायला, डोळे मिटून.

"स्टीलमधली?"

"स्टीलमधली."

"छान आहे."

तो पेला परत करत होता. हेल्कानं घेतला नाही.

"चल," ती म्हणाली. "काहीतरी दाखवायचंय."

कोठारात तिनं पेंढ्या बाजूला केल्या. लाकूड राखाडी झालं होतं. ताउनो गुडघ्यावर बसला आणि तड्यातून बोट फिरवलं.

"कधी?"

"त्याच ऑगस्टमध्ये. साउनात वाळवली मी. तू जायच्या आत तुला पहिली साहती द्यायची होती. फुटली... मग तोंड दाखवायची लाज वाटली."

"म्हणून स्टील?"

"म्हणून स्टील."

त्यानं तड्यातली धूळ फुंकून काढली. मग हसला, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

"हेल्का, तडा प्रत्येक डोणीला जातो. माझ्या आजोबांच्या डोणीला तीन होते. रायच्या पिठाची कणीक भिजवायची, तड्यात ठासायची, पाणी ओतायचं. लाकूड फुगतं, तडा आपोआप मिटतो. पंधरा मिनिटं गं. पंधरा मिनिटांचं काम."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. एकदाच, हलकेच.

"पुढच्या जूनची रजा मी तेव्हा जुलैतच मागून ठेवली होती," तो उठत म्हणाला. "कामावर रुजू व्हायच्या आधीच. साहेब म्हणाला, हा कसला माणूस घेतला आपण."

हेल्काला हसू आलं. दुसरं काही विचारायचं धैर्य नव्हतं, म्हणून तिनं बुचाच्या भोकाकडे बोट दाखवलं.

"हे इतकं डावीकडे का? आत्याच्या डोणीला मधोमध होतं."

"पळी डाव्या हातात धरली होतीस ना," ताउनो म्हणाला. "मी नीट मोजलं होतं."

गाडी वळणाआड गेल्यावरही धूळ थोडा वेळ रस्त्यावर तरंगत राहिली.

पुढच्या जूनमध्ये, सणाच्या आधीच्या आठवड्यात, हेल्कानं डोण अंगणात काढली. रायच्या पिठाची घट्ट कणीक भिजवून तड्यात अंगठ्यानं दाबून भरली. विहिरीचं पाणी ओतलं. पाणी लगेच गळू लागलं, आधी धार, मग थेंब. ती शेजारी बादली उलटी घालून बसली आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिली.

थेंबांमधलं अंतर वाढत गेलं.

चौदाव्या मिनिटाला शेवटचा थेंब पडला. पुढचा आला नाही. हेल्का आणखी एक मिनिट बसली, पूर्ण पंधरा होईपर्यंत. मग उठली, डावा हात सरळ खाली नेला, आणि बूच जिथे असायला हवं तिथेच सापडलं.