खालच्या माळावरची घरं

त्या दिवशी शिवणकाकूंनी मशीन दुपारीच झाकून ठेवलं. खालच्या माळावर नवी वसाहत बांधायचं घाटत होतं आणि तिला हरकत घेणाऱ्यांनी पाहणीच्या वेळी जागेवर हजर राहायचं होतं. हरकत अख्ख्या गावानं घेतली होती. पण ऐन वेळी प्रत्येकाला कामं आठवली. काकू एकट्याच निघाल्या.

गाव जुनं, सगळं दगडी. लांबलांबून माणसं वेशीच्या कमानीचे फोटो काढायला यायची. हरकतीत सगळ्यांनी साधारण एकच लिहिलं होतं. रस्ता अरुंद आहे, सांडपाणी कुठं जाणार, गावाची शोभा जाईल. खरं कारण कुणीच लिहिलं नव्हतं.

माळ विकायला निघाले होते काकूंचेच धाकटे दीर. माणूस वाईट नव्हता. त्यांची बायको कमरेखाली लुळी, कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेली, आणि जुन्या घराच्या भिंतींना बाराही महिने ओल. सकाळी ते दारात येऊन म्हणाले होते, "वहिनी, हरकत घ्या, मी मनात ठेवणार नाही. पण तिला एकदा तरी उन्हाच्या खोलीत झोपवू द्या मला."

पाहणीला आलेली अधिकारी तरुण होती, पायात गमबूट, बोलायला मोकळी. माळावर थोडं हिंडून झाल्यावर ती म्हणाली, "काकू, रस्ता रुंद करता येतो. गटारं बांधता येतात. तुमच्या मनात काय आहे ते सांगा ना."

काकूंनी मागं वळून पाहिलं. "हळू बोला. आधी गाव इथंच होतं, या माळावर. मग साथ आली. धडधाकट होते ते रातोरात वर चढून गेले, आता गाव आहे तिथं. आजारी होते त्यांना इथंच ठेवलं आणि वाटेवर भिंत घातली. खालचे हाका मारत राहिले... नावं घेऊन. वरून कुणी ओ दिली नाही."

"मग?"

"मग काय. अजून मारतात. म्हणून आमच्याकडे कुणी कुणाला नावानं बोलवत नाही. काकू, मास्तर, लंगडे आजोबा, असंच चालतं. नाव त्यांच्या कानावर पडायला नको."

"आणि ओ दिली तर?"

"आमच्या ह्यांनी दिली होती. शेळी शोधायला आले होते इकडे." काकूंनी पदर खांद्यावर ओढून घेतला. "शेळी आली घरी."

मुलगी हसली नाही. एवढंच म्हणाली, "हे मला अहवालात नाही लिहिता येणार."

"म्हणून तर गटारं लिहिली."

दिवस कलत होता. माळाच्या खालच्या अंगानं धुकं वर सरकायला लागलं. शेवटची एक लांबी मोजायची राहिली होती. तिनं टेपचं टोक काकूंच्या हातात दिलं आणि ती धुक्यात चालत गेली. आधी तिचे बूट दिसेनासे झाले, मग ती. टेप तेवढी काकूंच्या बोटांत थरथरत होती. हवेत एक कोंदट वास आला, बंद खोलीत दिवसेंदिवस न बदललेल्या अंथरुणाला येतो तसा.

मग खालून कुणीतरी हाक मारली. बाईचा आवाज, मायेचा, जरा दमलेला. घरात लाडानं ठेवतात तसलं छोटंसं नाव होतं. काकूंनी ते कधी ऐकलं नव्हतं.

टेप थरथरायची थांबली.

"आई?" मुलीचा आवाज आला. "आई... तू इथं?"

काकूंनी ओरडायला तोंड उघडलं, पण तिला कोणत्या शब्दानं थांबवावं तेच सुचेना. तेवढ्यात धुक्यातून ऐकू आलं, "ओ... आले गं."

टेपला असा हिसका बसला की ती काकूंचं बोट कापत हातातून निसटून गेली.

थोड्या वेळानं मुलगी परत आली. टेप नीट गुंडाळलेली, चेहरा शांत. "चला काकू. जागा छान आहे."

"तुमच्या आई...?"

"ती जाऊन खूप वर्षं झाली," ती म्हणाली आणि पुढं चालायला लागली.

हरकती फेटाळल्या गेल्या. माळावर घरं उभी राहिली, पांढरी, मोठ्या खिडक्यांची. सगळ्यात आधी राहायला आली ती तीच मुलगी. नोकरी सोडून आली म्हणे. त्यामागोमाग दीर बायकोला घेऊन उतरले. काकू पुष्कळ दिवस तिकडे फिरकल्या नाहीत. पण जावेचे निरोपांवर निरोप यायला लागले, तेव्हा शिवून ठेवलेली नवी रजई काखेत मारून त्या भर दुपारी गेल्या.

खोलीत खरोखरच ऊन होतं. जाऊबाईंच्या गालांवर रंग आला होता.

"ताई, इथं फार बरं वाटतं हो. संध्याकाळ झाली की बाहेरून नावानं हाक येते. लग्न करून या गावात आले तेव्हापासून माझं नाव कुणी घेतलं नव्हतं. मीच विसरत चालले होते."

काकू जवळ सरकल्या. "आणि तू... ओ देतेस?"

"देते की. इतक्या मायेनं कुणी बोलावल्यावर..." ती लाजून हसली. "मोठे भावोजीही असतात तिथं. तुमची चौकशी करतात."

हातांना काहीतरी चाळा हवा म्हणून काकूंनी रजई उलगडली आणि पायाशी खोचायला जुनं पांघरूण वर उचललं. पाय काड्यांसारखे वाळलेले होते. कित्येक वर्षांत ते जमिनीला लागले नव्हते. तळव्यांना काळी माती लागली होती, अजून ओली, आणि बोटांच्या बेचक्यांत गवताची पाती अडकली होती.