काचघरातलं ऊन

"प्रयोगशाळेतल्या पोरावर जीव लावू नकोस, बुर्गी," आफ्रामावशीनं बजावलं होतं. "त्यांना स्वतःचं अंगसुद्धा परीक्षानळीच वाटतं!" मावशी म्युनिकच्याच इस्पितळात परिचारिका होती, असली पोरं तिच्या पाहण्यातली. मी हसले, केसांत पिन खोचली आणि विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत कामाला गेले.

त्याच सकाळी जिन्यात कोर्बिनियान नावाचा तरुण संशोधक माझ्यावर आदळला. हातातल्या बाटलीतलं हिरवट काहीतरी माझ्या स्कर्टवर सांडलं.

"अरे देवा... माझं पित्त!"

"तुझं?"

"रबरी नळी गिळून काढलं होतं. किती ओकाऱ्या आल्या माहितेय?"

"लोक पहिल्या भेटीत फुलं देतात."

"फुलं काय, कुणीही देतं," तो म्हणाला, आणि गुडघ्यावर बसून माझा स्कर्ट पुसायला लागला. कान मात्र लालबुंद!

त्याचं संशोधन पोर्फिरिनवर. रक्ताला लाली देणाऱ्या द्रव्याच्या कुळातलाच हा रंग. निरोगी माणसाच्या रक्तात, पित्तात तो किती असतो, हे त्याला शोधायचं होतं. एकदा त्यानं मला अंधाऱ्या खोलीत नेलं, बाजारातलं साधं तपकिरी अंडं हातावर ठेवलं आणि आपला खास दिवा लावला. त्या न दिसणाऱ्या किरणांत अंडं निखाऱ्यासारखं लाल उजळलं.

"तोच रंग," तो हळूच म्हणाला. "तुझ्यातही आहे, थेंबभर. थोडं रक्त देशील?"

"हात मागायच्या आधी रक्त मागतोस?"

"हाताचं... बघू."

"बघू?"

त्यानं दिवा मालवला.

आमच्या प्रयोगशाळेत रीतच होती – पहिली सुई स्वतःच्या दंडात. शिरेतून गेलेलं पोर्फिरिन पित्तात किती उतरतं, हे पाहायला कोर्बिनियाननं ते टोचून घेतलं. त्यानंतर अंगाला ऊन सोसत नाही. कित्येक आठवडे पडद्याआड राहायचं, हे ठरलेलं.

आणि रविवारी तो माझ्या दारात! टोपी, मफलर, हातमोजे. नुसतं नाक दिसत होतं.

"वेडा झालास? बाहेर बर्फावर ऊन पडलंय."

"वनस्पती उद्यानातल्या काचघरात बसू. भाजणारे किरण काचेतून येत नाहीत. पुस्तकात वाचलं नाहीस का?"

वाचलं होतं. दोघांनीही. म्हणून तर गेलो.

आत ताडाखाली ऊब होती. काचेवरून पाणी ओघळत होतं, ओल्या मातीचा वास येत होता. त्यानं टोपी काढली. मग हातमोजे.

"ते कशाला?"

"हात मागायचाय... हातमोजा घालून कसा मागू?"

मी हो म्हणाले. हसत, रडत, पुन्हा पुन्हा. तो एकीकडे हाताची पाठ खाजवत होता. "मुंग्या असतील," म्हणाला.

मुंग्या नव्हत्या. संध्याकाळपर्यंत चेहरा एवढा सुजला की डोळे दिसेनात. काचेनं अडवले ते किरण वेगळे. त्याला जाळलं ते साध्या उजेडानं, ज्यात आपण पुस्तक वाचतो.

नंतर त्याचं दार बंदच राहिलं.

"मी हो म्हटलंय, कोर्बी!" मी दाराला कपाळ टेकून म्हणायची.

"ज्याला म्हणालीस त्याचं तोंड आता तसं राहिलं नाही. जा, बुर्गी."

मी खूप दिवस जात राहिले... मग जाईनाशी झाले. आज माझा नवरा भला माणूस आहे, आमची मुलगी ओटिली वर्षाची. तिच्या पाळण्यावर कवडसा पडला की मी धावत जाऊन पडदा ओढते. नवरा हसतो. हसू दे.

परवा बाजारात प्रयोगशाळेतली जुनी मैत्रीण भेटली. म्हणाली, कोर्बिनियान बरा झाला होता गं. पण त्यानं पुन्हा सुई घेतलीय, काचेतून नेमके कोणते किरण येतात ते शोधायला. दारात दुधाच्या बाटल्या तशाच पडल्यात म्हणे. ती ठोठावून परतली होती.

बाळगाडी घेऊन मी त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आले. पुढे पाऊल पडलं नाही.

तुम्ही म्युनिकमध्ये गीझिंग भागाकडे राहत असाल तर एवढं करा. चर्चमागचं पिवळं घर, वरचा मजला, खिडक्यांच्या मिटलेल्या हिरव्या झडपा. दिवस मावळल्यावर जा. दार उघडेपर्यंत ठोठावा, नाहीच उघडलं तर घरमालकिणीकडून किल्ली घ्या. बरोबर एक तपकिरी अंडं न्या. कुणी पाठवलं ते त्याला कळेल. आणि ते घ्यायला त्यानं हात पुढे केला का... तेवढं मला येऊन सांगा.