उजव्या बाजूची जाळी

रविवारी जे. सी. रोडवरची दुकानं बंद असतात. मागच्या गल्लीतल्या एका दुकानाचं शटर मात्र अर्धं उघडं असायचं. सत्त्याण्णव सालच्या सप्टेंबरात, भर दुपारी पाऊस कोसळत असताना, त्या अर्ध्या शटरखालून एक मुलगा मोटारसायकलीसकट आत घुसला. त्यानं आधी इंग्रजीत माफी मागितली, मग हिंदीत, मग कसेबसे दोन शब्द कानडीत. आत बसलेली मुलगी काहीच बोलेना, तेव्हा तो स्वतःशीच पुटपुटला, "सॉक्ससुद्धा भिजले. कमाल आहे."

"मग काढून वाळत घाला की," ती म्हणाली.

तो बघतच राहिला. केसांतून पाणी नाकावर ओघळत होतं, तेही पुसायचं त्याला सुचलं नाही.

"मला वाटलं... तुम्ही इथल्या आहात."

"इथलीच आहे. तीनशे वर्षं झाली."

"तेवढं वय वाटत नाही तुमचं."

ती हसली नाही. म्हणजे, हसू आलं होतं, पण ते तिनं खाली मान घालून हातातल्या कात्रीला दाखवलं.

तिचं नाव दिव्यश्री. तिचे पूर्वज कधीकाळी मराठा फौजेबरोबर इकडे आले आणि परत जायचं राहून गेलं. घरात मराठी टिकली, तिच्यात कानडी मुरत गेली, आणि चालीरीती तर निम्म्याहून जास्त इथल्याच झाल्या. मोटारसायकलींना फायबरची फेअरिंग, म्हणजे पुढचं ते डौलदार कवच, बनवून बसवण्याचं हे दुकान तिच्या वडिलांनी, अप्पासाहेबांनी सुरू केलं होतं. अप्पा चार वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून आईचा धाकटा भाऊ गिरीराज दुकान बघायचा. आई, मथुराबाई, वरच्या माडीवर. आणि कवचाला हवेसाठी ठेवलेल्या भोकांवर जाळी बसवायचं नाजूक काम दिव्यश्रीचं.

या मुलाच्या यामाहालाही कुणा रेसवाल्याकडून घेतलेलं जुनं फेअरिंग होतं. दोन्ही बाजूंना हाताच्या पंजाएवढी भोकं, उघडीच. दिव्यश्रीनं सवयीनं एकात बोटं घातली आणि गुलमोहराचा ओला पाला, बसचं तिकीट आणि एक चॉकलेटचा कागद बाहेर काढला.

"जाळी लावून घ्या," ती म्हणाली. "नुसती शोभेची असते, पण कचरा तरी जाणार नाही."

"शोभेचीच लावा," तो म्हणाला. "कचऱ्याचं मला काही वाटत नाही."

त्याचं नाव निहार. पुण्याचा. वर्षभरापूर्वी इथल्या एका कंप्युटर कंपनीत लागला होता आणि मल्लेश्वरमला एक खोली घेऊन राहत होता. ऑफिसात हिंदी, रस्त्यावर हातवारे... आठवड्यात मराठी बोलायची ती फक्त रविवारी, पुण्याला फोन लावून. आता रविवारला दुसरं कारण मिळालं.

एरवी हे काम दोन तासांचं. आधी वर्तमानपत्राचा कागद भोकावर धरून आकार घ्यायचा, तो अॅल्युमिनियमच्या जाळीवर ठेवून कात्रीनं कापायचा, कडा वळवायच्या, आतून गोंद लावायचा. या गाडीला मात्र पाच रविवार लागले. पहिल्या खेपेला नुसता आकारच घेऊन झाला. मग चंदेरी हवी की काळी यावर एक अख्खी दुपार गेली. काळी ठरली, तर घरी गेल्यावर त्याला चंदेरी आवडायला लागली. गिरीराज मामा कोपऱ्यात फायबर घासत हे सगळं ऐकायचा आणि काही म्हणायचा नाही. तो मुळातच कमी बोलायचा.

चौथ्या रविवारी डावी जाळी बसवली. गोंद धरेपर्यंत जाळी दाबून धरावी लागते, नाहीतर वळणावरची कड उसळून सुटते. चिमटे होते की दुकानात, डबाभर होते. पण दिव्यश्रीला ते त्या दिवशी सापडले नाहीत. मग तिनं आतल्या बाजूनं बोटं टेकवली, त्यानं बाहेरून. मधे जाळी. वीस मिनिटं.

"हलायचं नाही," तिनं सांगितलं.

"श्वास घेतला तर चालेल?"

"स्वल्प."

जाळीच्या त्या बारक्या चौकटींतून त्याच्या बोटांची ऊब तिच्या बोटांना लागत होती. पत्र्यावर पाऊस वाजत होता. दोघंही गोंदाकडे बघत होते, आणि दोघांनाही गोंद दिसत नव्हता. दहाव्या मिनिटाला तो तिला पहिल्यांदा 'तू' म्हणाला... तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि ते रात्री अंथरुणावर पडल्यावर पुन्हा पुन्हा ऐकलं.

एक गोष्ट तिनं त्याला सांगितली नव्हती. तिचं लग्न ठरलेलं होतं. ठरलेलं म्हणजे, तिच्या बारशाच्या दिवशीच बायकांनी बोलून ठेवलेलं, आणि अप्पांच्या माघारी पक्कं झालेलं. लग्न येत्या माघ महिन्यात. गिरीराज मामाशी.

इकडच्या मराठा घरांत मुलीला सख्ख्या मामाला देतात. कानडी शेजाऱ्यांची चाल, पिढ्यान्‌पिढ्या रुजलेली. यात कुणाला वावगं वाटत नाही. दिव्यश्रीलाही आजवर वाटलं नव्हतं. मामा चांगला होता. अप्पा गेल्यावर त्यानं आपली कायमची नोकरी सोडून हे दुकान उचललं, आणि उपकार केल्याचा भाव एकदाही चेहऱ्यावर आणला नाही. तो दिव्यश्रीकडे बघायचा तेव्हा नजर क्षणभरच टेकवायचा. तिला ते कळायचं. पण तिच्या मनात आजवर कुणीच नव्हतं, म्हणून ते कळणं जड जात नव्हतं. आता जायला लागलं होतं.

पाचव्या रविवारी उजवी जाळी कापताना निहार तिला त्याच्या बहिणीची फजिती सांगत होता. दिव्यश्री हसत होती, आणि तिच्या हातून चूक झाली. डाव्या बाजूचा कागद उजवीला उलटा ठेवतात, तसा तिनं ठेवला. पण जाळीही वळवून घ्यायची असते, नाहीतर तिच्या चौकटी भलतीकडे कलतात. ते राहिलं. बसवून झाल्यावर दिसलं, की डावीकडच्या चौकटी वाऱ्यानं मागे कलल्यासारख्या होत्या आणि उजवीकडच्या पुढे झुकलेल्या. दहा वर्षांत तिनं असं कधी केलं नव्हतं.

ती लगेच काढायला निघाली. त्यानं तिचा हात धरला.

"राहू दे. माणसाला एका वेळी गाडीची एकच बाजू दिसते."

मामानं काम थांबवून दोन्ही बाजूंनी गाडी पाहिली. मग दिव्यश्रीकडे पाहिलं, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ, आणि तो पुन्हा घासायला बसला.

त्याच संध्याकाळी निहार मामाला कोपऱ्यावर कॉफी प्यायला घेऊन गेला. मुलीच्या घरात वडील नाहीत, तेव्हा मन मोकळं करावं ते मामापाशी, असा त्याच्या पुणेरी डोक्यानं सरळ हिशेब केला होता. दिव्यश्री दुकानातून बघत होती. निहार हात हलवून बोलत होता. मामा पेल्यात बघत होता. शेवटी मामानं मान डोलावली, आणि निहारनं वाकून त्याच्या पायांना हात लावला.

मामा परत आला तो हातातला रुमाल घडी करत.

"मुलगा बरा आहे," तो म्हणाला. "तुझ्यासाठी विचारलं मला. अक्काकडे, तुझ्या आईकडे, शब्द टाका म्हणाला."

दिव्यश्री पुढे आली. "तुम्ही काय सांगितलं?"

"सरी म्हणालो. ठीक आहे म्हणालो."

"मामा—"

"तुला तो पाहिजे असेल तर अक्काला मी सांगतो. दुकानाची काळजी करू नको. ते मी बघतो आहे तसंच बघीन." मग रुमाल खिशात ठेवत म्हणाला, "मी त्याला आपलं काही सांगितलं नाही. ते तू सांग."

त्या रात्री ती झोपली नाही. मामासाठी रडली आणि स्वतःसाठी आनंदली, आणि त्या आनंदाची तिला लाज वाटली. पहाटेपर्यंत तिचं ठरलं होतं. निहारला हो म्हणायचं, पण आधी सगळं खरं सांगून. मामाचा मोठेपणा त्याला कळायला हवा, असं तिला फार वाटत होतं.

पुढच्या रविवारी तिनं सांगितलं. साध्या शब्दांत, फेअरिंगची धूळ पुसत. "तुम्ही ज्यांना विचारलंत ना, त्यांच्याशीच माझं लग्न ठरलं होतं. त्यांनी मला मोकळं केलंय."

निहारला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"मामाशी? सख्ख्या... शी."

एवढंच. ते तोंडातून निघालं आणि त्याला उमगलंही, त्यानं ओठ दाबले, माफी मागितली, तसं नव्हतं म्हणायचं म्हणाला. पण त्याच्या चेहऱ्यावर जे क्षणभर येऊन गेलं, ते तिनं पाहिलं होतं. किळस होती ती. माणूस चांगला असला तरी ती लपत नाही.

दिव्यश्रीनं फडकं खाली ठेवलं.

"माझे अप्पा माझ्या आईचे सख्खे मामा होते," ती म्हणाली.

माडीवर मथुराबाई भांडी लावत होत्या, तो आवाज खाली येत होता. निहार मान खाली घालून निघून गेला.

तो दोन रविवार आला नाही. मामानं दरम्यान अक्काला सांगून टाकलं, की माघातलं लग्न होणार नाही, आणि कारण आपलंच आहे. मथुराबाई भावाशी आठवडाभर बोलल्या नाहीत. दिव्यश्रीनं उजव्या बाजूची जाळी नव्यानं, बिनचूक कापली आणि खिळ्याला अडकवून ठेवली.

तिसऱ्या रविवारी तो आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. पुण्याला बदली मागितली होती, ती मिळाली होती. तो म्हणाला, की त्याला लाज वाटते. म्हणाला, की तिला घेऊनच जायचं आहे, तिच्या आईशी बोलायला तो तयार आहे, काय वाटेल ते ऐकून घ्यायला तयार आहे. आणि हे सगळं तो मनापासून म्हणत होता, याबद्दल तिला शंका नव्हती. म्हणूनच तिला बोलणं कठीण गेलं.

"तुमच्या घरी विचारतील, मुलीचे आईवडील कोण, कुठले. एक ना एक दिवस हेही विचारतील. मग तुम्ही सांगाल."

"सांगेन."

"हळू आवाजात सांगाल."

नाही म्हणायला हवं होतं त्यानं. दुसरा कुणी पटकन म्हणाला असता. पण तो खोटं बोलणारा नव्हता... आणि ती वाट बघत राहिली, बरंच थांबली, कारण त्यानं नाही म्हणावं असं तिला आयुष्यात कशाहूनही जास्त वाटत होतं.

"तू मला आवडतोस," ती म्हणाली. ती त्याला पहिल्यांदाच 'तू' म्हणत होती. "फार आवडतोस. पण माझ्या अप्पांचं नाव कुणी हळू घ्यावं, हे मला रोज ऐकायला जमणार नाही."

त्याचे डोळे भरले. त्यानं ते लपवले नाहीत.

तिनं खिळ्यावरची जाळी काढली. "जाण्याआधी ही बसवून देते. नीट कापलीय या वेळी."

"नको," तो म्हणाला. "तीच राहू दे."

त्यानं गाडी शटरखालून बाहेर काढली. गल्लीच्या पलीकडच्या अंगानं निघाला, तेव्हा उजवी बाजू दुकानाकडे होती. पुढे झुकलेल्या त्या चौकटी तिला वळणापर्यंत दिसत राहिल्या. मग नुसता आवाज, मग तोही नाही.

दिव्यश्री आत येऊन जमिनीवर बसली आणि तिला रडू फुटलं, लहान मुलीसारखं, मोठ्यानं. माडीवर भांड्यांचा आवाज थांबला.

कोपऱ्यातून मामा उठला. त्यानं शटर खाली ओढलं, घासायचं मशीन चालू केलं आणि अक्काला वर काही ऐकू जाऊ नये म्हणून ते बराच वेळ तसंच चालू ठेवलं. घासायला त्याच्या हातात काहीच नव्हतं.