रिकामा चौकोन

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण हे माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत घडलंय. तिच्याच तोंडून मी ते ऐकलंय, एकदा नाही, कितीतरी वेळा. आणि दर वेळी तिचा एक शब्दही इकडचा तिकडे झालेला नाही.

यात काळोखी रात्र नाही, ओसाड रस्ता नाही. जे झालं ते लख्ख उन्हात, घराच्या गच्चीवर झालं.

आत्याचं चष्म्याचं दुकान होतं. आयुष्य काचा घासण्यात गेलेलं. 'दिसतं तेवढंच खरं, बाकी नंबर वाढलाय तुझा,' असं म्हणणारी बाई. लग्न केलं नाही, एकटीच राहायची. वेड म्हणाल तर एकच, हॅम रेडिओचं, म्हणजे घरच्या बिनतारी यंत्रावरून लांबच्या हौशी लोकांशी बोलण्याचं.

त्यातही उपग्रहावरून बोलण्याचं.

हौशी लोकांसाठी सोडलेले छोटे उपग्रह असतात. ते आकाशाच्या एका कडेला उगवतात आणि दहा-बारा मिनिटांत दुसऱ्या कडेला मावळतात. तेवढ्या वेळात आत्या हातात माशाच्या काट्यासारखा दिसणारा अँटेना धरून उभी राहायची आणि उपग्रह जाईल तसतशी त्याच्या मागे वळत राहायची. आपला आवाज वर जातो, उपग्रह तो खाली फेकतो, दूरवरचा कुणीतरी उत्तर देतो.

जगाच्या नकाशावर या लोकांनी चौकोन पाडलेत. प्रत्येक चौकोन साधारण शंभर किलोमीटरचा. अशा शंभर वेगवेगळ्या चौकोनांतल्या माणसांशी बोलणं झालं, की मानाचं प्रमाणपत्र मिळतं.

आत्याचं घोडं शेवटच्या एका चौकोनावर अडलं होतं.

तिच्या टप्प्यातला एकच चौकोन उरला होता आणि तो होता भर समुद्रात. ना बेट, ना दीपगृह. नुसतं पाणी. तिथून बोलणार कोण?

"मी बोलतो की!" कप्तान म्हणाला.

कप्तान म्हणजे तिचा रेडिओवरचा दोस्त. बंदरात मोठी जहाजं ओढणारी टगबोट चालवून निवृत्त झालेला. दोन गल्ल्या सोडून राहायचा. स्वतःची छोटी मोटरबोट होती. आत्याला तो ताई म्हणायचा आणि त्याच्या बायकोला आत्या वहिनी म्हणायची.

"भल्या पहाटे निघतो, दुपारचा उपग्रह गाठतो, रात्रीपर्यंत घरी," कप्तान म्हणाला.

वहिनी भडकल्या. "आकाशाशी गप्पा मारायला समुद्रात कशाला तडफडायचं? घरात माझ्याशी बोलायचं म्हटलं की यांची वाचा बसते!"

"अगं, ताईंचं एवढं एकच राहिलंय."

आत्याने नको म्हणून पाहिलं. पण खरं सांगायचं तर तिनेही फार ताणून धरलं नाही.

रविवार होता. आकाश स्वच्छ. ठरलेल्या वेळी उपग्रह उगवला. आत्याने अँटेना रोखला, कानाला हेडफोन लावले.

सुरुवातीला नुसती खरखर.

मग... कप्तानचा आवाज. खणखणीत.

त्याने आपली कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरची ओळखीची खूण, सांगितली, चौकोन सांगितला. तोच, रिकामा. आत्याने उत्तर दिलं. झालं! गच्चीवर तिने चक्क एक गिरकी घेतली.

तेवढ्यात पुन्हा त्याचा आवाज आला. आता जरा हळू.

"ताई... इथे पाणी थांबलंय."

"म्हणजे? लाटा नाहीत का?"

"हलतच नाहीये काही..."

उपग्रह मावळला.

त्या रात्री कप्तान घरी आला नाही.

तिसऱ्या दिवशी गस्तीच्या लोकांना बोट सापडली. सरळ, कोरडी, ठणठणीत. नांगर नीट टाकलेला. जेवणाचा डबा न उघडलेला. लाइफ जॅकेट खुंटीला.

कप्तान नव्हता.

आणि त्याचा रेडिओही नव्हता.

आत्या खचली. दुकानात गिऱ्हाईक समोर बसलेलं असायचं आणि ही काच हातात धरून तशीच. दोघांनीही आपापल्या कॉम्प्युटरवरून नोंद केल्याशिवाय प्रमाणपत्रासाठी तो संपर्क धरत नाहीत, आणि आता कप्तानकडून नोंद करणार कोण? वहिनीच एकदा म्हणाल्या, "ताई, त्यांच्या कॉम्प्युटरवरून मी करते. तुमच्यासाठीच गेले होते ना ते? निदान ते तरी पुरं होऊ दे."

आत्या म्हणाली, "वहिनी, मला नको ते प्रमाणपत्र. जन्मात नको."

महिन्याभराने तिने पुन्हा रेडिओ हातात घेतला. घर खायला उठत होतं, म्हणून. दुपारची वेळ. दोन-चार ओळखीचे आवाज आले. नमस्कार-चमत्कार झाले.

मग सगळे एकदम गप्प झाले.

आणि... कप्तानचा आवाज.

तीच कॉलसाइन. तोच सूर. तोच जरासा घोगरा खाकरा.

"ताई... ऐकू येतंय ना?"

त्याने चौकोन सांगितला. पण तो समुद्रातला नव्हता. त्याच्या अलीकडचा होता. किनाऱ्याजवळचा.

आत्याने उत्तर दिलं नाही. कुणीतरी जुना आवाज टेप करून वाजवतंय, विकृत मेले, असं तिने स्वतःला समजावलं. संध्याकाळी तिने त्या वेळी हवेत असलेल्या एका शिक्षकाला फोन केला.

"कप्तान? नाही हो. काहीच नव्हतं तेव्हा," शिक्षक म्हणाला. मग जरा घुटमळला. "ताई, रागावू नका, पण त्या रविवारीसुद्धा मी ऐकत होतो. मला फक्त तुम्हीच ऐकू येत होतात. मला वाटलं, माझ्याकडे सिग्नल कमी असेल..."

आत्याने फोन ठेवला.

शहाणी असती तर रेडिओही ठेवून दिला असता. पण राहवेना. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गच्चीवर.

पुन्हा तोच आवाज. पण आज तिला एक गोष्ट खटकली. उपग्रह पळत असतो, त्यामुळे येणारा आवाज सारखा घसरतो. बटण फिरवत त्याच्या मागे लागावं लागतं. इतरांचे आवाज घसरत होते.

कप्तानचा घसरत नव्हता.

तिने भीत भीत अँटेना आकाशावरून खाली आणला. इतर आवाज विरले.

कप्तानचा... वाढला.

म्हणजे तो वरून येतच नव्हता.

आत्या धावत वहिनींकडे गेली आणि सगळं सांगून बसली. नको होतं सांगायला, असं ती आजही म्हणते. पण तिच्या जागी कुणीही सांगितलं असतं.

वहिनी ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "मला ऐकायचंय."

पुढच्या वेळी दोघी गच्चीवर होत्या. एकाच हेडफोनला दोघींचे कान.

"ताई... ऐकू येतंय ना? इथे वाट दिसत नाहीये..."

वहिनींनी आत्याच्या हातातून माईक ओढून घेतला. आत्या "नका, वहिनी!" म्हणेपर्यंत त्या बोलून मोकळ्याही झाल्या होत्या.

"घरी या. मी आहे. सरळ घरी या."

पलीकडे खरखरही थांबली.

मग, अगदी जवळून...

"बरं."

पुढचे काही दिवस काही झालं नाही. आवाज आला नाही. एकच गोष्ट घडली. आत्याच्या नावावरची शंभरावी नोंद पक्की झाल्याचा निरोप कॉम्प्युटरवर आला. वहिनींनी शपथ घेतली, "मी हातसुद्धा लावला नाही."

मग आला तो शुक्रवार.

त्या दिवशी आत्या गच्चीवर गेली ती रेडिओ कायमचा आवरून ठेवायला. वायर काढण्याआधी सवयीने तिने हेडफोन कानाला लावले. उपग्रह उगवायला अजून बराच अवकाश होता. आकाशात कुणीही नव्हतं.

"ताई."

आवाज एवढा मोठा, की तिने दचकून मान वळवली.

त्याने चौकोन सांगितला. आत्याचा स्वतःचा.

तिने अँटेना गोल फिरवला. उत्तरेला बारीक. पूर्वेला बारीक. आणि वहिनींच्या गल्लीकडे रोखला तर कान फाटतील एवढा. आवाजामागून आणखी काहीतरी ऐकू येत होतं. कडी काढल्याचं... खुर्ची ओढल्याचं... आणि वहिनींचं हसणं.

आत्याने सगळं तिथेच टाकलं आणि ती अनवाणी धावत सुटली.

वहिनींचं दार सताड उघडं होतं. वहिनी टेबलापाशी बसल्या होत्या. शांत. महिनाभरात पहिल्यांदाच केस नीट विंचरलेले. समोर चहाचे दोन कप. एक रिकामा.

"वहिनी... ठीक आहात ना?"

"बसा ना. पण थोडक्यात चुकामूक झाली बघा," वहिनी हसत म्हणाल्या. "हे आत्ताच येऊन गेले. तुमच्याकडेच निघालेत. म्हणाले, ताईंचं अभिनंदन करायचं राहिलंय."

आत्या परत स्वतःच्या घरी गेली नाही. कधीच नाही. तशीच अनवाणी, रिक्षा करून थेट आमच्याकडे आली. सामानसुद्धा मी जाऊन आणलं. घरात काही विशेष दिसलं नाही. फक्त गच्चीवर टाकलेला रेडिओ मला मिळाला नाही.

वहिनी आता भाचीकडे असतात. छान आहेत म्हणे. कुणाशी फार बोलत नाहीत.

आमचं घर तिथून बरंच लांब आहे, असं मी आत्याला सांगत असतो. ती मान हलवते.

"चौकोन मोठा असतो रे. हे घरही त्यातच येतं."

आत्या तशी बरी आहे. जेवते, पेपर वाचते, माझ्या चष्म्याला नावं ठेवते. फक्त दुपारी घरात एकटी असताना दार वाजलं, की आतूनच विचारते, "कोण?" उत्तर आलं तरी उघडत नाही.

आवाज ओळखीचा असला, तर मुळीच नाही.