आईच्या थेंबातलं पोळं

औषध सुरू झालं आणि आई जास्तच आजारी पडली.

ओवीनं हे वाक्य उलटसुलट करून पाहिलं. कसंही वाचलं तरी चुकलेलंच वाटे. क्षयाच्या गोळ्यांनी आईचा खोकला कमी झाला होता. मग डॉक्टरांनी एचआयव्हीवरच्या (शरीराची राखण करणाऱ्या पेशींनाच पोखरणारा विषाणू) गोळ्याही सुरू केल्या. थोड्याच दिवसांत ताप परतला. मानेला गाठी आल्या.

"या नव्या गोळ्याच नडल्या," आई अंथरुणातून म्हणाली. "आजपासून बंद."

"कर बंद!" ओवीनंही री ओढली.

खिडकीतली भिंगरी फडफडली. भिंगरी म्हणजे दवाखान्यातून रोज उडत येणारं, पाखराएवढं बोलकं यंत्र.

"वैजयंताताई, आधी रक्ताचा एक थेंब द्या. मग खुशाल भांडा."

भिंगरीनं आईच्या बोटातून थेंब टिपला आणि त्याचं मोठं चित्र भिंतीवर उमललं.

तांबूस उजेड.

ओवी त्यात शिरली, की तोच तिच्याभोवती पसरला?

मंद गुणगुण. तरंगणारे गोल. कुणी पेंगतंय, कुणी आत्ताच डोळे चोळतंय.

"अगं, हे तर पोळं!"

मधमाश्या पाळणाऱ्या बाईची लेक ती. तिला दुसरं काय सुचणार?

"बरं, पोळं तर पोळं," भिंगरी म्हणाली. "माश्या म्हणजे राखणदार पेशी. एचआयव्हीनं त्या घटल्या. अशा दुबळ्या पोळ्यात काय शिरतं?"

"मेणकिडा. पोळ्यातलं मेण पोखरणारा."

"इथं शिरला क्षयाचा जंतू. गोळ्यांनी बरेच जंतू मेले, पण त्यांचे तुकडे पडून राहिले. आता नव्या गोळ्यांनी विषाणू दबला, माश्या वाढल्या, जाग्या झाल्या. बघतात तर..."

"घरात किडे!"

गुणगुण

गुणगुण

गर्जना.

माश्या मेलेल्या किड्यांवरही तुटून पडल्या. पोळं तापलं, सुजलं.

"याला म्हणतात दाह (सूज, लाली, ताप)," भिंगरी म्हणाली.

"धूर कुठंय? चिडलेल्या माश्या शांत करायला आई धूर देते."

दूरवर निळसर कण चमकत होते. फारच थोडे.

"ते जस्त. अन्नातून किंचित मिळणारा धातू. पेशी घडवायला लागतो, भडकलेल्या पेशींना आवरायलाही मदत करतो. असा दाह झालेल्या काहींच्या रक्तात तो कमी दिसतो."

"मग आईला मूठभर देऊ!"

"थांब गं, धांदरट! जस्त कमी म्हणून दाह झाला, की दाहामुळे जस्त कमी झालं? शास्त्रज्ञ अजून शोधताहेत. दाह आवरणारी दुसरी औषधं आहेत. पण ताप कशाचा, ते डॉक्टरांनी आधी तपासायला हवं. आजच."

उजेड विरला. समोर आईचा घामेजलेला चेहरा.

"आई, माश्या चावल्या म्हणून तू त्यांची पेटी जाळतेस?"

"वेडी का खुळी? चावतात म्हणजे पोळ्यात जीव आहे अजून..."

मानेवरच्या गाठीला आईनं हळूच बोट लावलं.

"आण ती गोळी," ती म्हणाली. "आणि भिंगरे, दवाखान्याची गाडी बोलाव."

गोळी घशाखाली उतरली. ओवी भिंतीकडेच बघत होती.

"पण आधी काय झालं असेल गं? जस्त कमी, की दाह?"

आईनं पांघरुणातून हात बाहेर काढला आणि भिंगरीपुढे बोट धरलं.

"घे आणखी एक थेंब. हिला बघू दे नीट."